नरहरीची सतरा पावलं

प्लासिडला खुर्चीत बसलेला कुणी पाहिला नव्हता. चहासुद्धा तो कपबशी हातात धरून ओटीवर येरझारा घालत प्यायचा. अर्धा चहा फरशीवर सांडायचा आणि मार्था फडकं घेऊन त्याच्या मागोमाग फिरायची.

"अहो, खुर्चीला काय खिळे लागलेत?"

"तेहतीस वर्षं साखळी ओढली. पाय ऐकत नाहीत."

"साखळी सुटून तीन वर्षं झाली. पायांना सांगा, तुम्हीपण रिटायर झालात म्हणून."

प्लासिड मोजणी खात्यात साखळीवाला होता. साहेब छत्रीखाली टेबल मांडून नकाशा काढायचा आणि प्लासिड तेहतीस फुटांची लोखंडी साखळी ओढत काट्याकुट्यांतून, चिखलातून, कधी कमरेएवढ्या खाडीतून नाकासमोर चालत जायचा. एक साखळी संपली की हाळी द्यायची, "एऽऽक!" दुसरी संपली की "दोऽऽन!" ती साहेबाला ऐकू गेली पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनाही. मापात पाप झालं असं मागाहून कुणी म्हणायला नको. प्लासिडची हाळी अर्ध्या मैलावर ऐकू जायची. वैतरणेपासून डहाणूपर्यंत त्यानं लोकांच्या हद्दी सरळ केल्या. भावाभावांत कोयते निघालेले असले तरी प्लासिडनं पाय रोवून "इथं" म्हटलं की कोयते खाली यायचे.

असा हा माणूस स्वतःच्या वाडीच्या पूर्वेच्या कडेला मात्र कधी फारसा फिरकायचा नाही. वर्षातून एकदाच जायचा, चुना लावायला.

निर्मळहून आगाशीकडे जाताना उजव्या हाताला प्लासिडची वाडी लागते. तिला खेटून दयारामची. दोन्ही वाड्यांच्या मध्ये एक दगड, कमरेएवढा, काळा कुळकुळीत. पश्चिमेच्या तोंडावर क्रूस कोरलेला, पूर्वेच्या तोंडावर सूर्य-चंद्र. जुनी माणसं सांगायची, वसईच्या लढाईत दोन राज्यं इथं एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभी होती. दगडाच्या अलीकडे फिरंगी, पलीकडे पेशवा. दोघांनी आपापल्या बाजूनं आपापली खूण कोरली. पुढे फिरंगी गेला, पेशवाही गेला. मागे राहिल्या दोन केळीच्या वाड्या आणि एक नियम. निर्मळची यात्रा आली की दोन्ही घरांनी दगडाला चुना लावायचा, ज्यानं त्यानं आपल्या तोंडाला. दुसऱ्याच्या बाजूला कुंचा लागता कामा नये.

एक्याऐंशी साली दोघं असेच चुना लावत होते. प्लासिड एकसष्ट वर्षांचा, दयाराम पाचेक वर्षांनी लहान.

"दादा, तुझ्या फिरंग्याच्या नाकाखाली राहिलं बघ."

"तू तुझ्या पेशव्याची दाढी कर आधी."

"पेशव्याला दाढी कुठं होती?"

"मग चुना कशाला थापतोस एवढा?"

दयाराम हसला आणि लेंग्याच्या खिशातून एक पाकीट काढलं. "हे वाच. काल पोस्टमननं दिलं. तुझ्याही घरी येईल. पुराणवस्तू खात्याचे साहेब गुरुवारी येतायत. आपला दगड मूळ जागेवर असला तर सरकार कठडा घालणार, पाटी लावणार. हलवलेला निघाला तर उचलून मुंबईच्या म्युझियममध्ये."

"हलवलेला आहे की नाही, ते कसं कळणार?"

"खाली उकरून बघणार म्हणे."

प्लासिडचा कुंचा कडेवरून घसरला. चुन्याचा लोंढा दयारामच्या बाजूला उतरला आणि चंद्र बुडाला.

"अरे अरे! दादा, जन्मात पहिल्यांदा हद्द मोडलीस तू!"

दयाराम हसतच राहिला. प्लासिडनं बादली उचलली आणि तो घरी निघाला.

त्या दिवसापासून मार्थाला फडकं खाली ठेवायला सवड मिळेना. हा माणूस ओटीवरून परसात, परसातून विहिरीवर, विहिरीवरून परत ओटीवर. चालता चालता ओठ हलायचे. मार्थाला वाटलं, रोझरी म्हणतायत. जवळ जाऊन ऐकलं तर आकडे.

"काय मोजताय?"

"काही नाही."

"सतरापर्यंत जाता आणि परत एकपासून. पोरांना शिकवायला जायचंय का बालवाडीत?"

प्लासिडनं तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुढची थट्टा गिळूनच आत गेली.

गोष्ट चाळीस सालची. त्या ऑक्टोबरात वादळ आलं आणि एका दिवसात वाड्या झोपवून गेलं. केळी आडव्या, कुंपणं गायब, समुद्राचं पाणी आतपर्यंत. प्लासिडच्या बापाची, बर्नार्डची, विहीर खारी झाली. शेजारी नरहरीच्या वाडीत बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं तळंच, उन्हाळ्यातही न आटणारं. त्याचं पाणी गोडं राहिलं. नरहरी म्हणजे दयारामचा बाप.

"बाबा, नरहरीकाकांना विचारू का? नाही म्हणणार नाहीत," वीस वर्षांचा प्लासिड म्हणाला होता.

"पाणी मागायला जायचं? मी? बर्नार्ड?" बाप म्हणाला. मग बराच वेळ त्या आडव्या झालेल्या कुंपणाकडे बघत राहिला. "दगड सहा पावलं पलीकडे असता तर बावखलाचा काठ आपल्यात आला असता."

पुढच्याच महिन्यात निर्मळची यात्रा. सगळं गाव यात्रेला, नरहरीचं घरही तिकडेच. भर दुपारी, लख्ख उन्हात, बापलेकांनी पहारीनं दगड उपटला. वादळात पडलेल्या केळीचे बुंधे खाली घातले आणि त्यांच्यावरून दगड ढकलत नेला. सहा पावलं. क्रूस पश्चिमेला, सूर्य-चंद्र पूर्वेला, जसाच्या तसा. जुन्या खड्ड्यात तळाशी काळी माती लागली, ती कुणाची तरी जुनी चूल असेल म्हणून बुजवली. यात्रेहून लोक परतले तोवर दगड उभा होता, आणि नवीन कुंपण कुणी कुठून घालायचं, हा प्रश्नच नव्हता. दगडापासून!

फक्त नरहरी थबकला. त्याच्या वाडीत एक उंडीचं झाड होतं, वादळातही न पडलेलं. तिथून दगडापर्यंत सतरा पावलं, हे त्याला बापानं शिकवलं होतं. त्यानं मोजली. अकरा. परत मोजली. अकरा.

"बर्नार्ड, दगड सरकलाय."

"दगड कसा सरकेल, नरहरी? वादळात तुझं डोकं सरकलं असेल."

माणसं हसली. मग रोज सकाळी नरहरी उंडीपासून निघायचा, डावा पाय जरासा ओढत, मोजत. दगडाशी येऊन थांबायचा. कपाळाला हात लावायचा आणि परत उंडीकडे. शाळेत जाणारी पोरं रस्त्यावर उभी राहून ओरडायची,

"अकरा की सतरा? सांग रे म्हातारा!"

प्लासिड केळीच्या पानांआडून हे ऐकायचा. तेव्हापासून त्याला बसवेनासं झालं. मार्थाला हे ठाऊक नव्हतं. ती मागाहून आली, लग्न होऊन.

तीन वर्षांनी नरहरी गेला. पुढच्या वर्षी बर्नार्डही. मग प्लासिडला मोजणी खात्यात नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात म्हाताऱ्या हेड साखळीवाल्यानं त्याला एका हरवलेल्या हद्दीवर नेलं. दगड नव्हता, नुसतं गवत. म्हाताऱ्यानं हातभर उकरलं. खाली कोळशाचा काळा थर, भाताचा तूस, फुटक्या मडक्याच्या खापऱ्या.

"ही साक्ष," म्हातारा म्हणाला. "जुने लोक हद्दीचा दगड रोवायच्या आधी खाली कोळसा पुरायचे. कोळसा कुजत नाही, वाळवी खात नाही. दगड चोरता येतो रे पोरा, कोळसा कोण चोरणार? त्याला कुणी बघितलेलाच नसतो."

प्लासिडला आपल्या जुन्या खड्ड्यातली काळी माती आठवली.

त्या नाताळच्या रजेत, दयारामच्या घरचे लग्नाला गेले असताना, त्यानं हलवलेल्या दगडाखाली बाजूनं बोगदा काढला आणि साक्ष भरली. कोळसा, तूस, खापऱ्या. शिकल्याप्रमाणे, थरावर थर. खोट्या जागेला त्यानं खरं केलं. राहिली जुनी जागा. तिथला कोळसा काढून टाकला की संपलं. ती तर आता त्याच्याच वाडीत होती, कुणाला विचारायचंही नव्हतं. तो कुदळ घेऊन गेला. परत आला. पुढच्या वर्षी गेला, परत आला. छत्तीस वर्षं तो जात होता आणि परत येत होता. त्या चार हात जागेत त्यानं केळ लावली नाही, मार्थाला अळूसुद्धा लावू दिलं नाही. मार्थानं वैतागून तिथं पालापाचोळ्याचा ढीग घालायला सुरुवात केली.

आणि कन्फेशन? गावच्या फादरकडे त्यानं सगळी पापं सांगितली, ही एक सोडून. ही तो मोजणीच्या कॅम्पवर, परगावच्या देवळात, तोंड न ओळखणाऱ्या फादरला सांगायचा. पालघरचे फादर म्हणाले, दगड जागेवर ठेव आणि मग ये. डहाणूचे म्हणाले, दगड जागेवर ठेव आणि मग ये. तलासरीचे जरा बहिरे होते. त्यांनीही तेच सांगितलं.

गुरुवार उजाडला. साहेब आले, चष्मेवाले, घाईतले, जीपमधून. बरोबर दोन मजूर. अर्धी आळी गोळा झाली. दयारामनं उंडीखाली सतरंजी अंथरली होती, त्याच्या बायकोनं, रखमाबाईनं, सगळ्यांसाठी शहाळी काढून ठेवली होती. दयाराम नवऱ्या मुलासारखा इस्त्रीचा सदरा घालून फिरत होता.

"तुम्ही मोजणी खात्यातले ना?" साहेब प्लासिडला म्हणाले. "मग तुम्हीच या पुढं. साक्ष वगैरे तुम्हाला कळतं."

"कळतं," प्लासिड म्हणाला.

दोर बांधून दगड बाजूला आडवा केला. मजूर उकरू लागले. प्लासिड खड्ड्याभोवती फिरत राहिला, साहेबांनी दोनदा सांगितलं, "अहो, एका जागी उभे राहा, माती पडतेय आत." हातभर खोलीवर कुदळ काळी होऊन वर आली.

"कोळसा!" साहेब गुडघ्यावर बसले. "तूस. खापऱ्या. वा! इतकी नीट भरलेली साक्ष मी कुठं पाहिली नाही. ज्यानं भरली तो कसबी माणूस होता."

"म्हणजे साहेब?" दयारामनं विचारलं.

"म्हणजे दगड मूळ जागेवर आहे. जराही हललेला नाही. कठडा मिळाला तुम्हाला."

आळीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. प्लासिडच्या अंगातून घामाची धार सुटली. सुटलो, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं, एक क्षणभर. मग त्यानं दयारामकडे पाहिलं. दयारामनं खड्ड्याला हात जोडले होते आणि तो रडत होता.

"अहो, आनंदाचं आहे ना?" साहेब गोंधळले.

"आनंदच आहे, साहेब. तुम्हाला ठाऊक नाही तुम्ही काय केलंत." दयारामनं सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. "माझा बाप रोज त्या उंडीपासून इथवर पावलं मोजायचा. म्हणायचा, सतरा होती, अकरा कशी झाली? तीन वर्षं! एकदा यात्रेला पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर मोजायला लागला. मी अठरा वर्षांचा. मला लाज वाटली. हाताला धरून खेचला तर पडला. पडलेल्या बापावर ओरडलो मी, अकरा आहेत, अकरा! बोल अकरा! आणि बोलला तो. मातीत बसून माझ्याकडे बघत बोलला, अकरा. मग परत कधी मोजलं नाही. दोन महिन्यांत गेला." त्यानं श्वास घेतला. "तेव्हापासून मनात एकच. सतरा असली तर? म्हातारा खरा असला तर मी काय केलं? आज सुटलो, साहेब. चुकलाच होता बिचारा. मी बरोबर होतो."

रखमाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. साहेबांनी वही उघडली. "चला, नोंद करू या. मूळ जागा, साक्ष सापडली..."

"थांबा, साहेब."

आवाज प्लासिडचा होता, पण त्यालाच तो ओळखू आला नाही.

तो वळला आणि स्वतःच्या वाडीत शिरला. सहा पावलं चालला. मार्थाच्या पाचोळ्याच्या ढिगात त्यानं दोन्ही हात घातले आणि ढीग उपसायला सुरुवात केली.

"अहो! अहो, काय करताय?" मार्था धावत आली. "साप असेल आत! निदान कोयता तरी..."

"कुदळ आण."

"काय आहे तिथं?"

"कुदळ आण, मार्था."

तिनं आणली. मजूर पुढं झाला, प्लासिडनं त्याला कोपरानं ढकललं. एकसष्टाव्या वर्षी तो स्वतः उकरत होता, धापा टाकत. हातभर खाली काळं लागलं. या कोळशाचं पीठ झालं होतं, तुसाची नुसती राख, पण खापऱ्या होत्या. खालून उंडीच्या मुळाएवढी जाड कसलीतरी मुळी त्यांतून आरपार गेली होती.

साहेब आले, वाकले, खापरी उचलून उजेडात धरली. एकदा या खड्ड्याकडे, एकदा त्या. "ही फारच जुनी आहे. मग ती तिकडची?"

"तिकडची मी भरली. तुम्ही म्हणालात ना, कसबी माणूस. तो मी." प्लासिड खड्ड्यातच उभा होता. "दगड इथं होता. चाळीस सालच्या यात्रेत बाबांनी आणि मी तिकडे नेला, केळीच्या बुंध्यांवरून. बावखलासाठी. दयाराम, तुझा बाप..."

मार्था ढिगातल्या पानांकडे बघत होती. "म्हणून मला अळू लावू देत नव्हतात," ती हळूच म्हणाली आणि ओटीकडे न जाता तिथंच खाली बसली.

दयाराम मारेल, असं सगळ्यांना वाटलं. प्लासिडलाही. त्यानं हातातली कुदळ खाली टाकली.

दयाराम कुंपणाशी येऊन उभा राहिला. "पाणीच हवं होतं?"

"हो."

"मागितलं असतं तर दिलं असतं त्यानं."

"माहीत होतं."

"माहीत होतं," दयाराम पुटपुटला. मग तो मागं फिरला आणि थेट उंडीपर्यंत गेला. झाडाला पाठ टेकवून उभा राहिला. तिथून ओरडला, "प्लासिड! साखळीवाला ना तू? हाळी दे."

हाकेतला 'दादा' गळून पडला होता, हे प्लासिडच्या लक्षात आलं. "काय?"

"मी चालतो. तू मोज. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. पोरं रस्त्यावरून ओरडायची."

त्यानं पहिलं पाऊल टाकलं. डावा पाय जरासा ओढत. अगदी तसाच. आळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला.

"एक," प्लासिड म्हणाला.

"ऐकू येत नाही!"

"एऽऽक!... दोऽऽन!... तीऽऽन!"

आवाज फाटत होता, मग हळूहळू सरळ झाला. जुनी सवय घशात परत आली. सायकलवरून जाणारा एकजण रस्त्यात उतरून उभा राहिला. आठ. नऊ. दहा. अकराव्या पावलाला दयाराम आडव्या पडलेल्या दगडापाशी आला. तिथं तो थांबला, जिथं नरहरी रोज थांबायचा. कपाळाला हात लावला.

दयाराम दगडाला वळसा घालून पुढं निघाला.

"बाऽऽरा!" प्लासिड ओरडला. एवढ्या मोठ्यानं त्यानं डहाणूच्या माळावरही हाळी दिली नसेल. "तेऽऽरा! चौऽऽदा! पंधऽऽरा! सोऽऽळा!"

सतराव्या पावलाला दयारामची वहाण काळ्या खड्ड्याच्या काठावर टेकली. दोघं समोरासमोर, मध्ये तेवढाच खड्डा.

"किती?" दयारामनं विचारलं.

"सतरा."

"कुणाची?"

"नरहरीकाकांची. सतरा."

साहेबांनी घसा खाकरला. "मग आता नोंद कशी करायची? दगड हलवलेला आहे, म्हणजे नियमानं तो मुंबईला..."

"दगडाचं तुम्ही बघा, साहेब," दयाराम म्हणाला. नजर प्लासिडवरच होती. "उद्या साडेसहाला ये."

"उद्या?"

"साडेसहाला मोजायचा तो. रोज."

दुसऱ्या दिवशी मार्थानं चहा ओटीवर आणला तेव्हा ओटी रिकामी होती. साडेसहा वाजले होते. आगाशीची बस थांब्यावर उभी होती आणि वाडीतून येणारी हाळी ऐकून खिडक्यांतून माणसं डोकी बाहेर काढत होती. दहा. अकरा. बारा. कपबशी तशीच हातात धरून मार्था ऐकत राहिली. किती दिवस यायचं, हे दयारामनं सांगितलं नव्हतं. प्लासिडनं विचारलं नव्हतं.